अप्पांचा अंगठा आणि बर्फाचं खोरं

माझे वडील, अप्पा, दिवाळीनंतर लातूरला माझ्याकडे आले ते डोळ्यांसाठी. डोळ्याच्या मागचा पडदा खराब झाला होता. दर महिन्याला एक इंजेक्शन घ्यायचं होतं, आणि भोकरजवळच्या आमच्या गावाहून दर वेळी एवढी धडपड नको म्हणून हिवाळाभर त्यांनी इथंच राहायचं ठरलं. म्हणजे मी ठरवलं. लेकीच्या घरी राहायचं म्हणजे अप्पांना अवघडल्यासारखं. पहिले आठ दिवस ते सोफ्याच्या अगदी टोकाला बसायचे, कुणी हटकलं तर पटकन उठता यावं असे. मी म्हटलं, "अप्पा, तिकीट काढलंय तुमचं, नीट बसा." हसले नाहीत.

त्यांना माणूस आलं-गेलं कळायचं, हललेलं दिसायचं, पण नजर जिथं रोखावी नेमका तिथंच डाग. चेहरा नाही, अक्षर नाही, आकडा नाही. "बाजूबाजूनं दिसून राहिलंय की," म्हणायचे, आणि चहाचा कप बरोबर उचलायचे.

मी सकाळच्या कॉलेजात भूगोल शिकवते. दीडला घरी येते. एके दिवशी जेवणं झाल्यावर अप्पांसाठी कुठं कीर्तन लागलंय का बघत मी वाहिन्या बदलत होते, तेवढ्यात ते म्हणाले, "थांब. मागं घे जरा."

मागं घेतलं. खेळाची वाहिनी होती. नुसत्या घंटा वाजत होत्या, जड आवाजाच्या, शेकड्यांनी.

"गुरं हायत," अप्पा म्हणाले. मान तिरकी करून, डाग चुकवत बघत होते. "डोंगरातनं गुरं उतरून राहिलीत."

गुरं नव्हती. युरोपातलं कुठलंसं खोरं होतं. पांढऱ्याशुभ्र उताराच्या दोन्ही बाजूंना कुंपण धरून हजारो माणसं उभी, आणि ज्याच्या त्याच्या हातात गाईच्या गळ्यात बांधतात तसली घंटा. वरून एक माणूस पायांना दोन लांब पट्ट्या बांधून, अंगाचं मुटकुळं करून खाली येत होता, आणि ही मंडळी त्याच्यासाठी घंटा बडवत होती.

"माणसंच वाजवतायत, अप्पा."

"आन् गुरं?"

"गोठ्यात असतील. थंडी आहे."

यावर मात्र ते हसले. लातूरला आल्यापासून पहिल्यांदा.

मग मी माझ्या परीने समजावून सांगितलं. हिमनदी मी दर वर्षी फळ्यावर काढते, पण बर्फ पाहिलाय तो फ्रीजच्या वरच्या कप्प्यातला, तेव्हा माझं ज्ञान बेताचंच. म्हटलं, ही आंतरराष्ट्रीय शर्यत आहे, देशोदेशीचे लोक येतात. डोंगराच्या माथ्यावरून एकेक जण निघतो, रोवलेल्या काठ्यांमधून वळणं घेत खाली येतो. खाली लाल रेघ आहे, ती ओलांडली की संपलं. ज्याला सगळ्यात कमी वेळ लागला तो जिंकला.

"एकटाच? संगट कुणी न्हाई?"

"एकटाच. घड्याळाशी शर्यत."

अप्पा सोफ्यात मागं सरकले. त्यांची पाठ उशीला टेकलेली मी तेव्हा पहिल्यांदा बघितली. "मंग हा तर पट हाय," ते म्हणाले.

आमच्याकडे शंकरपट भरतो. बैलजोड्यांची शर्यत, पण दोन जोड्या शेजारी शेजारी पळवायच्या नाहीत. एक जोडी एकटीच सुटते. निशाण पडलं की घड्याळ चालू, शेवटचा दोरा तुटला की बंद. सेकंद मोजायचे आणि सेकंदाचा शंभरावा भाग, त्याला पटावर पॉइंट म्हणतात. भोकरच्या आसपासच्या दहा-बारा गावांत हे घड्याळ चाळीस वर्षं माझ्या वडिलांच्या हातात होतं. बैल कुणाचेही असोत, अंगठा अप्पांचा. एकदा त्यांनी सख्ख्या भावाची जोडी दोन पॉइंटांनी मागं काढली. काका पुढं कितीतरी वर्षं आमच्या दारात आले नाहीत, आणि अप्पांनीही कधी विषय काढला नाही. मग कोर्टाची बंदी आली, पट थांबले. बंदी उठल्यावर बऱ्याच गावांनी पुन्हा सुरू केले, आमच्या गावाचं मात्र काही जमून येत नव्हतं. त्या सगळ्या रिकाम्या वर्षांत अप्पा घड्याळाला नवे सेल घालत राहिले.

घड्याळ लातूरलाही आलंय हे मला माहीत नव्हतं. पिशवीच्या तळाशी होतं, धोतराच्या घडीत. ते त्यांनी काढलं, दोरी गळ्यात अडकवली आणि बटणावर अंगठा ठेवून टीव्हीसमोर बसले.

त्या दुपारी आठवल्या की अजूनही झोपेत असल्यासारखं वाटतं. बाहेर लातूरचं हिवाळ्यातलं कोरडं, पिवळं ऊन, गच्च्यांवरच्या पाण्याच्या टाक्या, शिकवणीला निघालेल्या पोरापोरींच्या सायकलींची खडखड. आत पडदे ओढलेले आणि अख्ख्या खोलीत बर्फाचा निळसर उजेड. तो अप्पांच्या धोतरावर पडायचा, भिंतीवरच्या कॅलेंडरवर पडायचा. उंच, काळसर झाडांवरून बर्फाची भुकटी आवाज न करता सांडायची. खोऱ्याच्या तळाशी छोटंसं गाव, एक मनोरा, धुराडी, आणि धूर सरळ वर जाणारा. निवेदक इंग्रजीत बोलायचे. आम्ही आवाज घंटा ऐकू येतील इतकाच ठेवायचो.

मला पेंग यायची. अर्धवट झोपेत ते खोरं आमच्या गावाकडं सरकत यायचं. माळावर, पळसाच्या झाडांवर, कडब्याच्या गंजीवर बर्फ पडलेला असायचा, आणि आई अंगणात खराटा घेऊन उभी राहून 'हे कुणी झाडायचं आता' म्हणायची. आई जाऊन सहा वर्षं झाली. त्या पांढऱ्या दुपारींत ती इतकी सहज यायची की जाग आल्यावर मला कुणाचा तरी राग यायचा.

अप्पा कधी पेंगले नाहीत. मधेच विचारायचे, "हे पाणी कुठं जातं गं माय?"

"कुठलं पाणी?"

"बर्फाचं. उन्हाळ्यात."

मी नदीचं नाव सांगायचे, ते मान डोलवायचे. "हिकडं वळवलं आसतं तर बरं झालं आसतं." जिथं नळ आठवड्याने येतो त्या गावात हे वाक्य कुणालाही वेडगळ वाटत नाही.

काम मात्र काम होतं. वरचा माणूस सुटायच्या दारातली आडवी काठी पायाने ढकलून सुटला की अंगठा दाबायचा, खाली रेघ ओलांडली की पुन्हा. मग घड्याळ माझ्याकडे द्यायचं. आकडे त्यांना दिसत नव्हते, घड्याळातलेही नाहीत आणि टीव्हीवरचेही नाहीत. दोन्ही मी वाचायचे आणि फरक सांगायचे. "उशीर दोन्हीकडं सारखा झाला तर भागतंय," ते मला शिकवायचे. "सुरवातीला घाई आन् शेवटाला ढिलाई झाली का तितं इमान जातं." आधी आधी फरक दहा पॉइंटांचा यायचा, बाराचा. "लई वर्सं बसून हाय. गंज चढलाय," ते म्हणायचे. "निघंल."

गंज निघाला नाही. वीस झाले, मग पस्तीस.

येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, लातूर ओस पडतं. जो तो शेतात, हिरव्या दाण्यांची न् पालेभाज्यांची भज्जी खायला आणि आंबील प्यायला. माझ्या सासरचं शेत आहे, सगळे निघाले. अप्पा म्हणाले, "तुम्ही जावा. आज तितं उताराची मोठी शर्यत हाय." त्यांना एकट्याला कसं सोडणार? नवरा 'तुझी भज्जी डब्यात आणतो' म्हणून गेला आणि मी फुगून बसले. वर्षातून एकदा मिळणारी भज्जी सोडून मी परक्या देशाच्या उताराकडं डोळे लावले होते. पहिलाच खेळाडू खाली आला, मी घड्याळ घेतलं आणि फाडकन सांगून टाकलं, "साठ. साठ पॉइंट चुकलात, अप्पा."

त्यांनी उजवा अंगठा डाव्या मुठीत धरला आणि चोळत बसले, दारात सापडलेलं लहान मुलाचं बोट चोळावं तसा. पुढचे दोन खेळाडू त्यांनी सोडून दिले. मला माझीच लाज वाटली. चौथ्याला त्यांनी घड्याळ पुन्हा उचललं, दाबलं, माझ्याकडे दिलं. फरक एक्कावन्न होता.

"आठ," मी म्हटलं.

"आठ?"

"आठच."

"बग," ते म्हणाले. "मघा नदर हालली आसंल."

मग काय, जीभ सैलावली. सात, अकरा, पाच. एखादा चौदा मी मुद्दाम घालायचे. सगळंच गोड लागलं की माणसाला संशय येतो. अप्पा बदलले. एक भाकरी जास्त खायला लागले. सोफ्यावर मांडी घालून बसायला लागले. संध्याकाळी कट्ट्यावरच्या म्हाताऱ्यांना ते बर्फावरची वळणं हाताने काढून दाखवायचे आणि म्हातारे 'हाव का' म्हणत ऐकायचे. जे इंजेक्शनांना जमलं नाही ते मी केलं, असं मला वाटत होतं. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होते.

संक्रांत झाली आणि गावाहून दोघे जण आले, पटाच्या कमिटीतले. एक अप्पांच्या वयाचा, दुसरा पन्नाशीचा. सोबत टॉवेल, टोपी, नारळ. गावाने पट पुन्हा भरवायचं ठरवलं होतं, महिनाअखेरीला.

"घड्याळ तुमच्याच हातात पायजे, अप्पा," मोठा म्हणाला. "तुमच्या आकड्याला कुणी बोट लावत न्हाई. दुसऱ्याला धराय लावलं तर पयल्याच जोडीला डोकी फुटतेत."

"डोळ्याचं ऐकलं होतं जरा," दुसरा बिचकत म्हणाला.

"रेघंवर हाललेलं दिसतंय मला. आकडा वाचाय एक माणूस द्या," अप्पा म्हणाले. "आन् अंगठ्याचं म्हणाल तर लेकीला इचारा. दिवाळीपास्नं परीक्षा घेऊन राहिली माझी. बर्फावर."

तिघांनी माझ्याकडे बघितलं. मी चहाचा ट्रे धरून उभी होते.

"पक्का आहे अंगठा," मी म्हणाले.

अप्पांनी नारळ घेतला. आमच्याकडे नारळ घेतला म्हणजे शब्द दिला, त्याला वेगळं कबूल म्हणावं लागत नाही.

ते दोघे गेल्यावर मी कप विसळायला घेतले. मी काय करून बसले होते ते मला तेव्हा दिसलं. खोऱ्यातल्या खेळाडूंना माझ्या खोट्याने काही फरक पडत नव्हता, त्यांची घड्याळं त्यांच्यापाशी होती. पण गावच्या मैदानात अप्पांचाच आकडा खरा धरला जाणार होता. पहिल्या आणि दुसऱ्या जोडीत पाच-सहा पॉइंटांचं अंतर असतं. कुणीतरी वर्षभर पोटच्या पोरासारखे बैल जपलेले असतात, आणि अप्पा पन्नासने चुकणार होते. आता मोबाइल ज्याच्या त्याच्या खिशात. कुणीतरी चित्रण करणार, घरी जाऊन मोजणार, आणि चाळीस वर्षांचं नाव एका दुपारी धुळीला मिळणार. अप्पांना ते कशामुळे हेसुद्धा कळणार नव्हतं. नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "सांगून टाक की." तोंडाने म्हणायला काय जातं.

आठवडाभर मी नुसती घुटमळले. पटाला चार दिवस राहिले असताना खोऱ्यात मोठी शर्यत होती, आणि ऐन वेळी तिथं धुकं उतरलं. शर्यत थांबवली. कॅमेरा नुसत्या पांढऱ्यावर रोखलेला. डोंगर नाही, झाडं नाहीत, माणसं नाहीत. आत कुठंतरी एखादी घंटा वाजायची, थांबायची, पुन्हा दुसरीच कुठली तरी वाजायची. माथ्यावर पुढचा खेळाडू सुटायच्या तयारीत उभा होता, त्याला थांबवून ठेवलं होतं. अप्पांचा अंगठाही बटणावर तसाच.

"उठंल धुकं," ते म्हणाले. "घाई न्हाई."

खोलीतही पांढरा उजेड साचून राहिला होता. किती वेळ गेला कोण जाणे. आम्ही दोघं त्या खोऱ्यातच बसलोय, आणि आपलं बोलणं बाहेर कुणाला ऐकू जाणार नाही, असं मला वाटायला लागलं. त्याच भरात मी बोलून गेले.

"अप्पा, मी आकडे खोटे सांगितले."

त्यांनी अंगठा बटणावरून उचलला.

"येळवशीपासून. आठ म्हणाले तेव्हा एक्कावन्न होते. पाच म्हणाले तेव्हा सत्तर. त्या दिवसापासून तुम्ही एकदाही तीसच्या आत आला नाहीत."

"येकदा बी न्हाई?"

"नाही."

त्यांनी मान वळवली. तिरकी नव्हे, सरळ माझ्याकडे. म्हणजे माझा चेहरा त्यांच्या त्या डागात पुरता नाहीसा झाला असणार.

"घड्याळ धरणाऱ्यानं कुणाचं तोंड बघायचं नसतंय," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "भावाचं बघितलं न्हाई मी. तू माझं बघत बसलीस."

"तुम्हाला वाईट वाटलं असतं म्हणून..."

"वाटू द्यायचं. माझं वाईट माझं हाय. ते झाकून ठेवणारी तू कोण?"

मी रडले. त्यांनी मला रडू दिलं, 'उगी' म्हणाले नाहीत. लहानपणी मी पडले, नापास झाले, भांडून आले, प्रत्येक वेळी 'उगी माय' हे शब्द ठरलेले असायचे. त्या दुपारी ते आले नाहीत आणि मला ते फार लागलं.

तासाभराने धुकं विरळ झालं. माथ्यावरच्या माणसाला सोडलं. अप्पांनी बटण दाबलं, तो रेघ ओलांडून गेल्यावर पुन्हा दाबलं आणि घड्याळ पुढं केलं. "आता वाच."

"त्र्याऐंशी," मी वाचलं.

त्यांनी गळ्यातली दोरी काढली, घड्याळाभोवती गुंडाळली आणि म्हणाले, "गावाला फोन लाव." घेतलेला नारळ परत करायची पाळी त्यांच्यावर आयुष्यात कधी आली नव्हती. फोनवर त्यांनी माझा विषयच काढला नाही. "अंगठा गेलाय माझा," एवढंच म्हणाले. "आतापास्नं दुसरा बघा. पळती जोडी सोडून ती आपल्याची का परक्याची ते बघणारा नको."

पटाला मात्र गेलो. मीच गाडी चालवली, अहमदपूर, लोहा, नांदेड करत. गावाच्या शिवारात सोयाबीन निघालेल्या रानात पळायची पट्टी साफ केली होती. धूळ, हलगी, उसाच्या रसाची गाडी, अंगाला हळद लावलेले, शिंगं रंगवलेले बैल. कमिटीने अप्पांना मंडपात मानाची खुर्ची ठेवली होती, ती त्यांनी नाकारली आणि आम्ही मैदानाच्या कडेला लोकांत साध्या खुर्च्यांवर बसलो. त्यांच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला हिमायतनगरकडून आलेला कुणी अनोळखी शेतकरी. घड्याळ गावातल्या विहिरींच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्या एका माणसाच्या हातात होतं. वेळ खडूने फळ्यावर लिहीत होते, कारण भोंग्यावरच्याचं बोलणं हलगीत बुडून जात होतं.

पहिली जोडी सुटली. पायांखालची जमीन थरथरली, दोरा तुटला. मी बघितलं, अप्पांचा अंगठा मांडीवर दोनदा दाबला गेला.

"किती?" त्यांनी विचारलं.

"सात सेकंद, बेचाळीस पॉइंट," मी फळ्यावरचं वाचलं.

त्यांनी मान डोलावली. मग पलीकडं वळून त्या अनोळखी माणसाला विचारलं, "पाव्हणं, किती लागलं?"

"सात बेचाळीस," तो म्हणाला.

दुसऱ्या जोडीला तसंच. तिसऱ्याला, चौथ्याला तसंच. आधी मला, मग त्याला. ते मला दुखवायला करत नव्हते, हे मला कळत होतं आणि त्यामुळे जास्तच लागत होतं. एक घड्याळ खोटं निघालं की शेजारी दुसरं ठेवायचं, ही त्यांची जन्माची रीत. बापाने आपल्या शब्दाची खातरजमा परक्याकडून करून घ्यावी आणि त्यात त्याचं काही चुकत नसावं, याहून मोठी शिक्षा मला अजून माहीत नाही.

सहाव्या जोडीच्या आधी तो माणूस रस प्यायला उठून गेला. जोडी आली, दोरा तुटला. धुळीने फळा झाकला गेला आणि मग हळूहळू दिसायला लागला.

"किती?" अप्पा म्हणाले.

"आठ सेकंद, सात पॉइंट."

अप्पा पलीकडं वळले. "पाव्हणं?" म्हणाले. उत्तर आलं नाही, तेव्हा त्यांनी हात लांबवून खुर्ची चाचपली. ती रिकामी होती. हात बराच वेळ तिथंच राहिला. मग त्यांनी तो उचलून मांडीवर घेतला आणि माझ्याकडे तोंड केलं.

"पुन्हा सांग," ते म्हणाले.

"आठ सेकंद, सात पॉइंट."

"बरं," म्हणाले, आणि पुढच्या जोडीकडं कान देऊन बसले.